हेमंत खडपे यांच्या दंडातली चरबी

मानवजातीच्या इतिहासात सत्य आजवर बेघर हिंडत होतं; आज त्याला कायमचा पत्ता मिळाला आहे, आणि तो पत्ता आहे माणसाच्या कातडीखाली दोन मिलिमीटर.

हे वाक्य ‘मेदसाक्षी’ नावाच्या यंत्राच्या उद्घाटनाला एका प्रयोगशाळेच्या संचालकांनी उच्चारलं. टाळ्या पडल्या. मग प्रात्यक्षिक म्हणून यंत्राचा चिमटा त्यांच्याच दंडाला लावण्यात आला. गेली दोन वर्षं साहेबांचा मुक्काम मुख्यत्वेकरून पामतेलात तळलेल्या बटाटावड्यांवर आहे, असं पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं. साहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गेली दोन वर्षं त्या त्यांना डब्यात उकडलेला दुधी देत होत्या. सत्याला पत्ता मिळाला हे खरंच. संचालकांना मात्र पुढचे चार दिवस प्रयोगशाळेच्या अतिथिगृहात काढावे लागले.

यंत्र उत्तम होतं, याबद्दल दुमत नाही. आपण जे खातो त्यातली मेदाम्लं, म्हणजे चरबीच्या साखळ्या, शरीर मोडून वापरतं. पण काही साखळ्या जशाच्या तशा उचलून स्वतःच्या चरबीत ठेवून देतं. त्यातल्या काही लांब साखळ्या शरीराला स्वतः फारशा बनवता येत नाहीत. त्या समुद्रातूनच याव्या लागतात. माकुलाचं, म्हणजे स्क्विड-ऑक्टोपसच्या जातीचं, उदाहरण घ्या. त्याच्या शंभर ग्रॅम मांसात चरबी जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम. पण त्या एवढ्याशा चरबीत डीएचए आणि ईपीए या लांब साखळ्या ठासून भरलेल्या. जाळ्यात येणाऱ्या नळीसारख्या माकुलात डीएचए वरचढ, तर खडकात राहणाऱ्या आठ हातांच्या माकुलात अराकिडॉनिक नावाचं आम्ल जास्त, कारण ते खेकडे खातं आणि खेकडे खडकावरचं शेवाळ खातात. शेवाळ बदललं की खेकडा बदलतो, खेकडा बदलला की माकूल बदलतं, आणि माकूल बदललं की खाणाऱ्याचा दंड बदलतो. मेदसाक्षी हा सगळा प्रवास उलटा वाचत जाई: दंडावरून खडकापर्यंत. चरबी थराथरांनी साठते, त्यामुळे वारसुद्धा सांगे.

एवढं हुशार यंत्र मिळाल्यावर सरकारने त्यावरून एक कायदा केला. किनाऱ्यावरचे खडक कोणाचे, याचे कागद कोणाकडेच नव्हते. तेव्हा ठरलं की ज्या घराच्या अंगात त्या खडकाची चरबी सापडेल, त्या घराचा खडक. कोणाच्याच अंगात सापडली नाही, तर लिलाव. मोठ्या कंपन्यांना मागच्या दाराने शिरता येऊ नये म्हणून एक कलमही होतं: धरणारा, शिजवणारा आणि खाणारा एकाच चुलीचे असले पाहिजेत. कलम लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता. खारवंडला तो कधी आलेला नव्हता, एवढंच.

खारवंडच्या दक्षिणेला बयेचा खडक आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला नाहीसा होतो. तिथल्या कपारींतून माकुलं ओढून काढण्याचं काम गेली तीस वर्षं सुचिता खडपे करत होती. हातात लोखंडी आकडा, पदर कमरेला खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने बूट. कुठल्या बिळात कोण राहतं, कुठलं बीळ आठ दिवस रिकामं राहील आणि नंतर कोण भाड्याने येईल, हे तिला तोंडपाठ होतं. माकूल आकड्याला चिकटून बसलं की ती त्याच्याशी बोलायची. ते बोलणं छापण्यासारखं नसे.

मात्र माकूल कसं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. खडपे भावकीचं देवकच माकूल. भावकीचा मूळपुरुष वादळात बुडत असताना एका माकुलाने त्याला धरून खडकावर आणलं, असं सांगतात. माकुलाचा मूळ हेतू काय होता, हे कोणी विचारलेलं नाही. तेव्हापासून खडप्यांनी माकूल खायचं नाही. धरलेलं चालतं, मारलेलं चालतं, विकलेलंही चालतं. पूर्वज श्रद्धाळू होते, खुळे नव्हते.

सुचिताच्या परसाला लागून चिऱ्याचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे धाकटा दीर वसंत आणि त्याची बायको रेश्मा राहत. रेश्मा वेंगुर्ल्याकडची. तिच्या माहेरी घाण्याच्या खोबरेल तेलात स्वयंपाक. अकरा वर्षांपूर्वी गौरीच्या तिखट जेवणाला तिने केलेल्या कोळंबीचा घास घेऊन सुचिता चौदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती, “कोणी वेणी घातलीय का यात?” त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे बोलत भरपूर, पण आपापल्या कोंबड्यांशी.

“काय गो कोंबडे,” रेश्मा गडग्याजवळ येऊन म्हणे, “काही लोकांच्या घरात आमटीत तेल इतक्या कमी, की डाळीक तहान लागता.”

“चर बाय, चर,” सुचिता आपल्या कोंबडीला सांगे. “पलीकडे जाऊ नको. केस गळायच्या ऐवजी उगवतील तुला.”

कायदा आला तेव्हा सुचिता निर्धास्त होती. खडक तिचा, हे समुद्राला ठाऊक होतं. वसंतनेही अर्ज केला, कारण रेश्माने करायला लावला. लिलावाची बातमी वाचून गावाबाहेरच्या रिसॉर्टचा मालकही एक घडीची खुर्ची घेऊन मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात हजर झाला. देवकाचं कोणी बोललं नाही. देवक ही सरकारला सांगायची गोष्ट नव्हे, हे लहान मुलांनाही कळतं.

तपासणीला डॉक्टर मृण्मयी बोंद्रे आल्या होत्या. तरुण, चष्मा लावलेल्या, आणि कोणावरही न चिडण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या.

“माझे हात बघा,” सुचिताने तळवे पुढे केले. घट्टे, जुन्या जखमा, एक वाकडं बोट. “तीस वर्षं.”

“यंत्र हात बघत नाही हो मावशी. दंड द्या.”

चिमटा लागला, यंत्र गुणगुणलं, पडद्यावर आकडा आला.

“बयेचा खडक: शून्य.”

“नीट लावा तो.”

नीट लावला. शून्य. रिसॉर्टवाल्याने खुर्ची थोडी पुढे घेतली. रेश्मा पदर सावरत मोठ्या दिमाखात पुढे आली. शून्य. वसंत: शून्य. त्याच्या अंगात शेततळ्यातली कोळंबी मात्र भरपूर निघाली, आणि ज्या वसंतचा सहा-सहा दिवस होडीवर मुक्काम असे, त्याने घराबाहेर काय खाल्लं याबद्दल रेश्माच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटून गेला. पण तो दिवस त्या प्रश्नाचा नव्हता.

“हेमंत खडपे राहिलेत,” बोंद्रे म्हणाल्या.

सुचिताचा नवरा खांबाआड उभा होता. हा गृहस्थ जन्मभर कशाच्या ना कशाच्या आड उभा राहत आला होता. सुचिताने धरलेला माल टोपलीत घालून बाजारात पोचवणं, हे त्याचं काम.

“मला ताप आहे,” तो म्हणाला.

“तापाने चरबी बदलत नाही, काका.”

चिमटा लागला. यंत्र या वेळी जरा जास्तच गुणगुणलं. बऱ्याच वेळाने ओळखीचं कोणी भेटावं तसं.

“बयेचा खडक: एक्केचाळीस!” बोंद्रेंना आनंद लपवता आला नाही. “वा काका! नऊ वर्षं सलग. दर बुधवारी. आणि गंमत बघा, एरवी घरचं शेंगदाणा तेल, पण बुधवारी माकुलाबरोबर कायम...” त्यांनी चष्मा पुसला. “खोबरेल.”

सभागृहात साठ माणसं होती. खोबरेलात स्वयंपाक करणारं घर गावात एकच होतं, आणि साठांपैकी एकालाही ते सांगावं लागलं नाही.

सुचिता सरळ घरी आली. हेमंत मागोमाग आला. दुसरीकडे कुठे जायचं, हे त्याला सुचलं नाही.

“बस,” ती म्हणाली.

तो बसला.

“नऊ वर्षं?”

“समेट करायला गेलो होतो गो पहिल्यांदा. शपथ. म्हटलं, दोघींचं मिटवावं. तिने पाट मांडला. वाढलं. नाय कसं म्हणणार? वाईट दिसतं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“समेट अर्धवट राहिला होता.”

“माकूल कुठलं?”

हेमंतने कोपऱ्यातल्या टोपलीकडे पाहिलं.

“माकूल कुठलं, विचारतेय.”

“टोपलीतलं. एकच ठेवून जायचो. लहानसं.”

परस्त्री असती, दारू असती, तर सुचिताला कसं रडायचं ते ठाऊक होतं. त्याच्या रीती आहेत. पण आपण पाण्यात उभं राहून ओढून काढायचं, वैरिणीने शिजवायचं आणि नवऱ्याने खायचं, यावर रडण्याची रीत खारवंडमध्ये पडलेली नव्हती.

“देवक बाटवलंस. बाटवलंस ते बाटवलंस, वर केसाच्या तेलात,” ती म्हणाली आणि परसात गेली.

गडग्यापलीकडे वसंतचा आवाज चढला होता.

“मला वरणभात आणि त्याला माकूल? नऊ वर्षं?”

“तुमी देवक पाळतास ना,” रेश्मा शांतपणे म्हणाली. “मीय पाळतंय. वासावर रांधलंय. चाखूकसुद्धा नाय कधी.”

“मग त्याला कशाला वाढलंस?”

रेश्माने याचं उत्तर वसंतला दिलं नाही. ती गडग्याजवळ आली. कोंबडी दूर होती, तरी तिने तिलाच हाक मारली.

“बाये, सांग तुझ्या शेजारणीक. चौदा माणसांसमोर माझ्या हाताक नावां ठेवलंस. त्याच हातचा खावक तुझो घोव दर बुधवारी पाटावर येऊन बसता. नऊ वर्षां ह्यां सुख मी पोटात घेऊन फिरतंय. कोणाक सांगूची सोय नाय. आज सरकारान सांगितल्यान. बरां झाला.”

“त्याला सांग,” सुचिता आपल्या कोंबडीला म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, “त्याला सांग तिकडंच राहा. गाठोडं फेकते गडग्यावरून.”

“नको गो बाये. बुधवारापुरतो बरो आसा. रोज कोण सांभाळतलो?”

हेमंत खिडकीत उभा होता. आपल्यावर दोन्ही बाजूंचा हक्क संपला, हे त्याला हळूहळू कळत होतं.

पंधरा दिवसांनी सुनावणी झाली. त्याच सभागृहात, तीच साठ माणसं. आता शेजारच्या गावचीही आली होती. भावकीचे ज्येष्ठ तात्या खडपे देवक बाटल्याचा निवाडा करायला वेगळे बसले होते, पण त्यांचा कान इकडेच होता.

“प्रकरण सोपं आहे,” बोंद्रे म्हणाल्या. चांगल्या माणसांना असं वाटतं. “काकांच्या अंगात खडक आहे. प्रश्न एवढाच, की चूल कोणाची?”

“माझी,” रेश्मा उठली. “तेल माझां, मसालो माझो, चूल माझी. खडक माझो.”

“धरलं कोणी?” सुचिता बोंद्रेंकडे बघत म्हणाली. “विचारा की. खडक घेऊन काय करणार ती? भरती कुठून येते, माहीत आहे का म्हणावं?”

“आणि हिने एक दिवस तरी शिजवलां काय म्हणान विचारा!”

“आणि खाणारे सुचिताताईंच्या घरचे,” बोंद्रेंचा आवाज बारीक झाला. त्यांनी कलम पुन्हा वाचलं. “म्हणजे धरणारी एका चुलीची. शिजवणारी दुसऱ्या चुलीची. खाणारा... दोन्हीकडचा. मग कायद्याने कोणाचाच दावा बसत नाही. लिलाव करावा लागेल.”

रिसॉर्टचा मालक उभा राहिला. तो सभ्य माणूस होता, म्हणजे चांगले कपडे घालून बोलत होता.

“कोणावर अन्याय व्हावा अशी आपली इच्छा नाही. सुचिताबाईंना मी कामावर घेईन. खडकावर उतरायची दगदग नाही. नऊवारी नेसून, हातात तो आकडा धरून बागेत उभं राहायचं. पाहुण्यांना फोटो हवे असतात. धाकट्या वहिनींना स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकाला ठेवू. तेल मात्र आमचं.”

सुचिताने स्वतःचं वाकडं बोट दुसऱ्या हाताने दाबून धरलं होतं. ते बोट एका दीड हाताच्या माकुलाने वाकवलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी. ते माकूल तिने सोडलं नव्हतं. आता हा माणूस तिला तोच आकडा घेऊन गवतावर उभं करणार होता.

“डॉक्टरबाई,” ती म्हणाली, “एका चुलीचे झालो तर?”

“म्हणजे?”

“लिहा. हेमंत खडपे, वसंत खडपे, एकत्र कुटुंब. एक चूल.”

हेमंत पुन्हा खांबाआड सरकला.

बोंद्रेंनी रेश्माकडे पाहिलं. रेश्मा रिसॉर्टवाल्याकडे पाहत होती. ‘तेल मात्र आमचं’ हे तीन शब्द तिच्या डोक्यात अजून फिरत असावेत.

“लिवा,” रेश्मा म्हणाली. “पण चूल खंयच्या घरातली, तांय लिवा. आणि गडगो पाडूचो नाय.”

“गडग्याला कोण हात लावतंय,” सुचिता म्हणाली. “पक्का बांधून घेणार आहे मी.”

“तुम्ही एकमेकींशी बोलत नाही का?” बोंद्रेंनी न राहवून विचारलं.

“नाय,” दोघी म्हणाल्या. अकरा वर्षांत दोघींचं एवढं एकच मत जुळलं.

अडचण संपली नव्हती. एकत्र चूल नुसती लिहून चालत नसे. दर तीन महिन्यांनी चिमटा लागणार होता. पहिल्याच फेरीला चौघांच्याही अंगात खडक आणि एकच तेल दिसलं नाही, तर दावा रद्द आणि लिलाव. म्हणजे देवक आता एकट्या हेमंतने मोडून भागत नव्हतं. सगळ्यांनी मोडायचं होतं, आणि तेही सरकारी देखरेखीखाली.

तात्यांनी बयेच्या देवळात कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल चिकटवलं: उजवं पडलं तर खायला परवानगी, डावं पडलं तर नाही. अर्धा तास दोन्ही फुलं जागच्या जागी. सगळी भावकी हात जोडून उभी. मग कोणीतरी उकडतंय म्हणून उजवीकडचा पंखा लावला. पंखा कोणी लावला याची चौकशी करायचं कोणाच्या मनात आलं नाही. देवीने स्पष्ट सांगितलं आहे, असं तात्यांनी जाहीर केलं.

तेलाचा वाद मात्र देवीच्याही आवाक्यातला नव्हता. तो बोंद्रेंनीच मिटवला: पुरावा खोबरेलाचा आहे, तेव्हा पुढेही खोबरेल, आणि चूलही रेश्माच्याच घरातली. सुचिताने हे ऐकून डोळे मिटले आणि मान हलवली. फाशीची तारीख सांगितल्यावर माणूस हलवतो तशी.

बुधवारी दुपारी चुलीची पाहणी ठरली. सकाळी ओहोटीला सुचिता खडकावर गेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एका बिळापुढे ती आकडा न घालता नुसतीच उभी राहिली. आतून एक डोळा तिच्याकडे बघत होता. या वेळी ती त्याला काहीच बोलली नाही. मग तिने आकडा घातला.

गडगा ओलांडायचा नव्हता, म्हणून ती रस्त्याने वळसा घालून रेश्माच्या दारी आली आणि टोपली उंबऱ्यावर आपटली. रेश्माने ती पायाने आत ओढली. दुपारी पाच पाट मांडले गेले: हेमंत, वसंत, सुचिता, तात्या आणि बोंद्रे. तात्या साक्षीदार म्हणून आले होते आणि सकाळपासून उपाशी होते.

रेश्माने वाढलं. तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, आत जांभळट तुकडे. हेमंतचा हात नऊ वर्षांच्या सवयीने आपोआप पुढे गेला. दोन्हीकडून दोन बायकांनी त्याच्याकडे बघितलं. हात मागे आला.

“मावशी, तुम्ही आधी,” बोंद्रे हळूच म्हणाल्या.

रेश्मा डाव हातात घेऊन उभी होती. तिची नजर सुचिताच्या तोंडावर खिळली होती. अकरा वर्षांपूर्वी तिथूनच एक वाक्य बाहेर पडलं होतं. तात्यांनी बयेचं नाव घेतलं.

सुचिताने तुकडा उचलला. या प्राण्याचं वजन तिला ठाऊक होतं, ताकद ठाऊक होती, राग ठाऊक होता. कुठे धरलं की सुटतो आणि कुठे धरलं की नाही, हे ठाऊक होतं. तिने तुकडा तोंडात घातला आणि चावला. सावकाश, भरपूर वेळ. बाहेर दोन्ही परसांतल्या कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. तिखटाने असतील, नसतील. तिने घास गिळला. मग मान वर करून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, तिने रेश्माकडे सरळ बघितलं.

“मीठ वाढ गो जरा.”